तुझी बाजू उभी राहिली

गिरिजा,

आज परत तुझ्या जागेवर बसलो आणि परत उठलो. खिडकीखालची जागा, जिथं तू खिळ्यांची फळी मांडीवर घेऊन बसायचीस. बसलं की वाटतं मागावर काहीतरी राहिलंय. मागापाशी गेलं की वाटतं गॅसवर काहीतरी राहिलंय. कुठंच काही राहिलेलं नसतं. माग प्लास्टिकखाली झाकलेला, गॅस बंद. मग परत खिडकी.

शैला म्हणते, "मामा, एका जागी बसा की जरा." तुझंच बोलणं सुनेनं उचललंय, फक्त ती मराठीत म्हणते. तू खरी चिडलीस की कानडीवर यायचीस. "सुम्मन कुंद्री." गप बसा. वडगावच्या या घरात मी ते आयुष्यभर ऐकलं. बसलो मात्र नाही.

म्हणून लिहायला घेतलं. लिहिताना तरी बसावं लागतं. माझी शाळा किती, तुला ठाऊक आहे. शैला म्हणाली, "लिवा तुमी, चुका मी काढते." मी म्हटलं, चुका काढणारी गेली की.

तुझं मासिक श्राद्धसुद्धा अजून व्हायचंय. भेटायला आलेला प्रत्येक जण सांगून गेला, आक्का लई शांत होत्या, कुणाला उलट बोलल्या नाहीत. मी मान हलवली. ही माणसं कुणाच्या घरी जायचं सोडून इकडं आली, मला कळेना. तू आणि शांत? निपाणीच्या बसमध्ये बसलो की काकती यायच्या आत आपला वाद सुरू व्हायचा, आणि उतरताना कंडक्टर तुझ्या बाजूनं बोलायला लागलेला असायचा. कशावरनं वाद, ते उतरल्यावर मला आठवायचं नाही. तुला आठवायचं. तू घरी येऊन तिथूनच पुढं चालू करायचीस.

आणि एवढे वाद तडीस नेणारी बाई, शेवटचा अर्धा टाकून गेलीस. सकाळी चहाचं आधण ठेवलंस, भिंतीला टेकून बसलीस. मी दारात उभा राहून बोलत होतो, त्या कागदाच्या पोळ्याबद्दलच बोलत होतो. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, पटलं हिला. एकदाची गप्प झाली. मी आणखी थोडा बोललो. किती बोललो ते आता डोक्यातनं जात नाही.

त्या वादाचा निकाल लागलाय. तेवढा सांगायचाय. बाकी तू कशी होतीस ते लोक सांगतात.

सुरुवात तूच केलीस. शैलाच्या माहेरी, निपाणीला, तंबाखूच्या जुन्या वखारीत आढ्याला एक रिकामं पोळं होतं. माशा कधीच्या उडून गेलेल्या. तू ते काढायला लावलंस, रुमालात बांधलंस आणि मांडीवर घेऊन बेळगावपर्यंत आणलंस. मी म्हटलं, "मध न्हाय काय न्हाय, मेण घेऊन काय करणार हाईस?"

"शैलाच्या अभ्यासाचं हाय."

आपली शैला कॉलेजात डिप्लोमाच्या पोरांना शिकवते आणि वर स्वतःचं पुढचं इंजिनीअरिंग करते, हे मला माहीत होतं. कशात करते ते माहीत नव्हतं. तू विचारून घेतलं होतंस. पोळ्यात करते. माशांच्या नाही, माणसांनी केलेल्या. विमानाच्या दारात, भारी सामानाच्या खोक्यात म्हणे आतनं असली सहा कोनांची घरं भरलेली असतात. वजनाला काही नाही आणि दाबायला ताठ.

घरी आल्यावर तू पोळं फरशीवर आडवं ठेवलंस, घरांची तोंडं वर. तळव्यानं दाबलंस, ते हललं नाही. मग तेच उभं धरून कडेनं अंगठा लावलास, तर घरं चपटी होऊन एकावर एक बसली.

"बगा, वरनं घट्ट आणि बाजूनं पोकळ. एक माणूस हाय बगा आमच्या घरात असला."

"मग बाजूनं दाबायचंच कशाला?"

"दाबणारं इचारून दाबतंय व्हय? यील तिकडनं दाबतंय."

शैला हसली आणि तिनं फरशीवर खडूनं काढून दाखवलं. मला कळलं तसं लिहितो. बाजूनं दाबलं की सहा कोनांच्या घराची भिंत काडीसारखी वाकते, आणि सगळा ताण येतो तो भिंती जिथं भेटतात त्या कोपऱ्यावर. म्हणून काही शहाण्या लोकांनी काय केलं, त्या कोपऱ्यालाच एक छोटं सहा कोनांचं घर बसवलं. मग त्या छोट्या घराच्या कोपऱ्यांना त्याहून बारीक घरं. घराच्या कोपऱ्यात घर आणि त्याच्या कोपऱ्यात घर. आणि अट अशी की वजन वाढवायचं नाही. भिंती जास्त झाल्या की कागद तेवढा पातळ घ्यायचा.

इथं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "कागद तेवढाच. वजन तेवढंच. वर पातळ केलासा. मग ताकद आली कुठनं?"

"जागेतनं," तू म्हणालीस. शैलाच्या आधी तू म्हणालीस.

"जागा काय खायाला घालतीया? बारीक सूत तुटतंय का जाड? जन्मभर तुटकी सुतं जोडत आलीस की गं."

"अवो, सूत ओढतोय आपण. ह्येला दाबायचं हाय. हितं तुटायचा सवालच न्हाय, वाकायचा सवाल हाय."

शैला मधे पडली. "मामा, ताकद नका म्हणू. मोडतंय कधी ते वेगळं. दाबल्यावर किती दबतंय, किती न्हाय, त्येला ताठपणा म्हणतो आम्ही."

"मग ह्यास्नीच इचार," तू म्हणालीस. "ताठपणा ह्यांचाच इषय हाय."

गॅलरीतनं आपला राजू हसला. कारखान्यातनं दमून आलेला पोरगा, आईबापाचं भांडण ऐकत चहा पीत उभा होता.

पैज तिथंच लागली. मी जिंकलो तर माझा माग उघडायचा. डॉक्टरनं सुताची धूळ छातीला नको म्हटल्यावर तू दोन माग विकायला लावलेस आणि तिसऱ्यावर प्लास्टिक टाकून बसलीस. ते प्लास्टिक काढायचं. आणि तू जिंकलीस तर मी कडोलीला यायचं. साहित्य संमेलनाला. दरवर्षी थंडीत तू शेजारणींना घेऊन बसनं जायचीस, दिवसभर बसून ऐकायचीस, आणि येऊन मला सांगायचीस कोण चांगलं बोललं आणि कोण उगाच लांबला. मी एकदाही आलो नाही. एका जागी दिवसभर बसायचं, आणि ते पण दुसऱ्याचं ऐकत.

"नुसतं यायचं न्हाय," तू म्हणालीस. "बसायचं. शेवटचा माणूस स्टेजवरनं उतरूस्तवर."

थांब, उठून आलो. दूध बघायला गेलो होतो. दूध तापवलेलंच नव्हतं.

शैलाच्या कॉलेजातल्या थ्री-डी प्रिंटरवर एवढ्या बारीक भिंती धड येत नव्हत्या. तिचे सर म्हणाले, कागदाचं करून बघा, एक साधं, एक कोपऱ्यात घरं असलेलं, एक त्याच्याही कोपऱ्यात घरं असलेलं, फक्त तिन्हींचं वजन सारखं ठेवा. मग काम घरी आलं आणि घरातलं ते आपलं झालं. फळी मी केली, विकलेल्या मागाच्या उरलेल्या लाकडाची, मापानं खिळे मारून. मोठं घर त्या खिळ्यांभोवती. त्याच्या कोपऱ्यातलं मागाच्या नटाभोवती, आणि सगळ्यात बारीक पेन्सिलीभोवती. पेन्सिल सहा कोनांचीच असते हे मी इतकी वर्षं कानावर पेन्सिल ठेवून बघितलं नव्हतं. तू बघितलंस. पट्टी कापायची, पेन्सिलीला गुंडाळून नखानं कोन पाडायचे, जोडाला गोंदाचा ठिपका. जन्मभर सुताच्या कांड्या भरलेला तुझा हात. माझ्या एकाला तुझी चार व्हायची.

पहिलं साधं पोळं जाड कागदाचं. दुसऱ्यात कोपऱ्यात छोटी घरं, कागद पातळ. ती दोन्ही झाल्यावर आपण कॉलेजला गेलो. तू लग्नातली निळी साडी नेसलीस. मी म्हटलं, "कागद दाबायला चाललोय, वऱ्हाडात न्हाय." तू ऐकलं नाहीस आणि बरं केलंस. त्या साडीत तुला शेवटची तिथंच बघितली.

यंत्र एवढं काही मोठं नाही. खाली एक लोखंडी पाटी, वर एक. मधे पोळं उभं करायचं, वरची पाटी हळूहळू खाली येते, आणि शेजारी पडद्यावर एक रेघ निघते. शैला म्हणाली, रेघ जेवढी उभी तेवढा ताठपणा जास्त. साध्या पोळ्याची रेघ आडवीच पडली, जेमतेम चढ असलेल्या रस्त्यासारखी. दुसऱ्याची बरीच उभी निघाली. त्याच वजनाची. मी तराजू स्वतः बघितला होता, दोनदा बघितला.

"आता?" तू म्हणालीस.

"एकदा जमलं म्हणून परत जमतंय असं न्हाय. आता कागद आणखी पातळ होणार. तिसऱ्यात बसणार खाली."

"कडोलीचा निम्मा रस्ता झाला बगा तुमचा," तू म्हणालीस आणि त्या सरांना आपली पैज सांगितलीस. सगळी.

तिसऱ्याचा कागद हातात घेतला तेव्हा तुझंही तोंड जरा उतरलं होतं. मी बघितलं ते. पतंगाच्या कागदापेक्षा थोडाच बरा. फळीवर ओढला की मान टाकायचा. दोन दिवस तू काही केलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मी बाजारातनं आलो तर खिडकीत बसून सपासप काम चाललेलं. मी म्हटलं, "जमतंय काय?" तू वर न बघता म्हणालीस, "न जमायला काय झालं?"

निम्मं झालं होतं. डाव्या कडेपासून मधल्या खिळ्यांपर्यंत. मग ती सकाळ आली.

दिवस झाले, माणसं आली, गेली. फळी खिडकीतच होती. कुणी हात लावला नाही. शैलाचा प्रकल्प द्यायची तारीख जवळ आली, पण ती तोंडातनं शब्द काढेना. शेवटी मीच विचारलं.

"दोनच दाखवते मामा. सर चालतंय म्हणालेत. तिसरं आत्तींच्या हातचं हाय. एकदा दाबलं की गेलं ते."

राजू म्हणाला, "काचेच्या पेटीत घालून ठेवूया आण्णा. आईची आठवण."

रात्री अंथरुणावर पडलो, उठलो, पडलो. मला ते बघवेना आणि झाकवेना. पेटीत घालून काय करू? हळदीकुंकू वाहू? तू ते ठेवायला केलंच नव्हतंस. तू ते मला हरवायला केलं होतंस. पेटीत ठेवलं तर कुणीच हरलं नाही आणि कुणीच जिंकलं नाही, आणि मी जन्मभर त्या दारात उभा राहून बोलतोय असंच राहील.

सकाळी मी तुझ्या जागेवर बसलो आणि उरलेलं करायला घेतलं.

तू कापून ठेवलेल्या थोड्या पट्ट्या होत्या. त्या आधी लावल्या. बऱ्या बसल्या, वाटलं हात वळायला लागला. त्या संपल्या, मग मी गुंडाळीतनं नव्या कापल्या, आणि हात परत आंधळा झाला. कोन पडेना. पडला तर राहीना. तुझी बाजू शिस्तीत उभी, माझी बाजू दुपारच्या वर्गासारखी लोळतीय. मला कळेना, काल जमलं ते आज का जमत नाही. वाटलं, म्हातारपण. वाटलं, तुझा हात तो तुझा. एक-दोनदा फळी आपटावीशी वाटली. तुला सांगतो, आपटली असती, पण डावीकडं तुझी बाजू होती.

पूर्ण झालं. तराजूवर वजन थोडं जास्त भरलं. शैला म्हणाली, "गोंद जास्त पडला असंल मामा तुमच्याकडनं." मी मान्य केलं. सगळी चूक माझ्याच हाताची धरून चाललो होतो.

यंत्रात उभं केलं. डावीकडं तू, उजवीकडं मी. वरची पाटी त्या यंत्राची थोडी डुलती असते, कमीजास्त असलं की सांभाळून घ्यायला. ती खाली आली, टेकली, आणि जरा वेळानं तिरकी व्हायला लागली. माझ्या बाजूला. माझी घरं एकामागोमाग एक बसली, आवाज न करता. तुझी बाजू तशीच. एक कोन हलला नाही. शैलानं यंत्र थांबवलं. पडद्यावरची रेघ मधेच वाकडी होऊन कुठंतरी गेली होती.

सर वाकून बघत होते. त्यांनी तुझ्या बाजूवर नख टिचकवलं, मग माझ्या. तुझ्या बाजूचा आवाज वेगळा. टक्क.

"याला काही लावलंय का?"

शैलानं माझ्याकडं बघितलं. मी पुढं झालो. बोट ओलं करून तुझ्या पट्टीवर घासलं आणि जिभेला लावलं. माझं नाक गेलंय, बोटं गेलीत, पण जीभ आहे. चिंचोका. चिंचोक्याची खळ, पातळ, एकसारखी, दोन्ही बाजूंनी. आपण नवीन नवीन होतो तेव्हा हातमाग होते, गल्लीत उभ्या सुताचा ताणा ताणून त्याला खळीचा ब्रश मारायचो, पांजणी म्हणायचो त्याला. तू त्या टोकाला, मी या टोकाला, सूर्य वर यायच्या आत. ती चव. प्रयोगशाळेत, पोरांच्या समोर, जिभेवर.

सर म्हणाले, हा नमुना मोजता येणार नाही, अर्धा एका मालाचा आणि अर्धा दुसऱ्याचा. बरोबर आहे त्यांचं. मी पोळं उचललं, पिशवीत घातलं आणि बाहेर आलो.

बसमध्ये मला हसू आलं. शैला घाबरली. मला आठवलं होतं. तिसऱ्याचा कागद घरात आला त्याच दिवसांत तू स्वयंपाकघरातनं विचारलं होतंस, "अवो, खळ किती पातळ करत होतो ओ आपण? इसरले बगा." मी तुझ्या सुती साडीची खळ समजलो. सांगितलं, ब्रश उचलल्यावर धार धरली पाहिजे, थेंब नाही. अगदी हातवारे करून सांगितलं. इसरले म्हणे. तू. माझ्या आत्याच्या लग्नात मी काय बोललो होतो ते इसरली नाहीस तू.

घरी येऊन मी डबे उघडले. चिंचोक्याची पूड सापडली, नवी आणलेली. त्यानं काय कळणार? राजू म्हणाला, "सवयीनं लावली असंल आईनं. बिनखळीचं सूत तिनं कधी मागावर चढवू दिलंय काय?" शैला म्हणाली, "न्हाय ओ. आत्तींना हरायचं नव्हतं." दोघंही जेवायचं सोडून माझ्याकडं बघत बसले, जसं काही मला माहीत आहे.

मला माहीत नाही. तोच तर राग आहे. दोन दिवस मी तुझ्याशी भांडलो, मनातल्या मनात, एकदा मोठ्यानं. जागेतनं ताकद येते म्हणालीस ना? मग वजन का घातलंस? खळीला वजन नसतं होय? आणि सवयीनं लावली असशील तर मला विचारताना इसरले कशाला म्हणालीस? आणि मला हरवायलाच लावली असशील तर गिरिजा, एवढी पातळ लावलीस की मला दिसू नये, म्हणजे मी सांगितलं त्याच्यापेक्षाही बरी केलीस. मी सांगितलेलं तू पहिल्यांदा ऐकलंस ते हे.

रागाखाली दुसरं काहीतरी होतं ते हळूहळू वर आलं. तुला स्वतःवर शंका आली होती. तो लुळा कागद हातात धरून ते दोन दिवस तू बसलीस, आणि तुला वाटलं, म्हातारा बरोबर असंल तर? तू जिंकलीस तर मला कडोलीला यावं लागणार होतं, एवढंच. पण तू हरली असतीस तर माग उघडला असता. परत सुताची धूळ, परत माझा खोकला, परत तू रात्री उठून माझ्या पाठीवर हात फिरवत बसलेली. ते मला बसमध्ये सुचलं नाही. फार उशिरा सुचलं. पैजेत मी कडोली वाचवत होतो. तू काय वाचवत होतीस ते मी बघितलंच नाही.

लोकांना यातनं काहीतरी मोठं काढायची सवय असते. संसार म्हणजे पोळं, कोपऱ्यात कोपरा वगैरे. कडोलीला कुणीतरी नक्की म्हणेल. मी म्हणणार नाही. कागद तो कागद. तू असतीस तर तूही म्हणाली असतीस, विषय सोडू नका.

तर विषय. शैलाकडं चार दिवस होते. मी म्हटलं, कागद आण. नवं करतो, सगळं एका मालाचं, बिनखळीचं.

"मामा, तुमच्यानं बसवंल काय तेवढं?"

"फळी आण."

तुझ्या जागेवर बसलो. आता मला माहीत होतं की कागदच लुळा आहे, हात नाही. मग हातावरचा राग गेला आणि जमायला लागलं. पेन्सिलीवर पट्टी जरा जास्त वेळ धरून ठेवायची, आपल्या अंगाची ऊब लागू द्यायची, मग कोन राहतो. हे कुणी सांगितलं नाही. तुला ते शोधायला वेळ नव्हता, तू खळ शोधलीस. शैला संध्याकाळी येऊन शेजारी बसायची आणि बारीक घरं वळायची. मधेच ती म्हणायची, "आत्ती असत्या तर आता म्हणाल्या असत्या, वाकडं लावलासा." आणि मी बघायचो, खरंच वाकडं लावलेलं असायचं.

वजन बरोबर भरलं. साध्या पोळ्याएवढं, दुसऱ्या पोळ्याएवढं. राजूनं सुट्टी टाकली आणि तोही आला. यंत्रात उभं केलं. पाटी आली, टेकली, आणि सरळ राहिली. पडद्यावर रेघ निघाली. मी रेघेकडं बघितलं नाही आधी, पोळ्याकडं बघितलं. त्या मेल्या कागदाची घरं उभी होती. मोठ्या भिंती जरा वाकायच्या आणि थांबायच्या, जसं कोपऱ्यात कुणीतरी धरून ठेवलंय. मग शैलानं माझा दंड धरला आणि पडद्याकडं वळवलं. दुसऱ्या पोळ्याची रेघ तिनं आधीच काढून ठेवली होती. ही तिच्यापेक्षा उभी होती. थोडी नाही, चांगली उभी.

सर म्हणाले, "छान आलं."

मी त्यांना म्हटलं, "खळ न्हाय लावली ह्येला." त्यांनी विचारलं नव्हतं. मला सांगावंसं वाटलं.

मग शैलानं यंत्र पुढं चालू ठेवलं आणि ते पोळं मोडेपर्यंत दाबलं. मला काही वाटलं नाही. ते दाबायलाच केलं होतं.

तर असा निकाल. तू जिंकलीस. कागद तेवढाच, वजन तेवढंच, आणि ताठपणा आला तो जागेतनंच. माझं चुकलं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय आणि ऐकायला तू नाहीस, ही तुझी जुनी खोड, हवं तेव्हा घरात सापडायचं नाही.

पण एक सांगतो. तुला खळ लावायची गरज नव्हती गं. नुसतं तुझं म्हणणं पुरलं असतं.

अर्धं तुझं आणि अर्धं माझं पोळं मागावर ठेवलंय, प्लास्टिकच्या वर. राजू म्हणाला, चेपलेली बाजू कापून टाकूया, आईची तेवढी पेटीत घालूया. मी नको म्हटलं. माझी बाजू बसलीय ती बसू दे, तुझ्या कडेलाच चिकटून बसलीय. प्लास्टिक मी काढणार नाही. पैज तू जिंकलीस, माग झाकलेलाच राहील. तू गेल्यावर मला सवड आहे, संधी आहे, अडवणारं कुणी नाही, तरी राहील.

आणि कडोली. शैला म्हणाली, "मी येते मामा तुमच्यासंगट." मी म्हटलं, नको, पैज आमची होती. थंडी पडली की एकटा जाणार. तू सांगायचीस तिथं, मंडपाच्या खांबाजवळ, जिथं वारा लागतो. कोण चांगलं बोललं आणि कोण उगाच लांबला ते मला कळेल का, माहीत नाही. बसणार मात्र. शेवटचा माणूस स्टेजवरनं उतरेपर्यंत.

वरचं लिहिताना मी किती वेळा उठलो ते सांगत नाही. पण शेवटच्या पोळ्याची रेघ लिहायला घेतल्यापासून एकदाही उठलेलो नाही. खिडकीखालीच आहे, तुझ्या जागेवर. गुडघे ओरडतायत. सराव करतोय.